भांगाचा दवाखाना

मी डॉक्टर आहे, पण कृपा करून मला गुडघा दाखवू नका. लग्नाच्या पंगतीत, एस.टी.त, एकदा तर माझ्या सख्ख्या सासऱ्यांच्या दहाव्याला लोकांनी मला बाजूला घेऊन जीभ बाहेर काढून दाखवली आहे. त्यांचंही बरोबर आहे. नावापुढे डॉक्टर लावलं की माणूस जीभ दाखवणारच. माझं डॉक्टरपण मात्र अभ्यासाचं. मी कधी कोणाला सुई टोचली नाही की गोळी दिली नाही. आता निवृत्तीनंतर संपादकांनी "तुम्ही नक्की करत काय होतात ते आमच्या वाचकांना सांगा" अशी गळ घातली, तेव्हा आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मलाही सांग. तीस वर्षं विचारायचं राहून गेलंय."

तर सांगते. कॉलनीतल्या पोराला ताप आला की त्याचा बाप त्याला स्कूटरवर घालून दवाखान्यात नेतो, आणि बेटेगावच्या पाड्यावरच्या पोराला ताप आला की त्याची आई आधी भातलावणी संपायची वाट बघते. ताप दोघांचाही सारखाच. सरकारची गोळीही सारखीच. तरी एका पोटात ती जाते आणि दुसऱ्या पोटात जात नाही. का जात नाही, हे शोधून काढायचं आणि जे सापडेल ते सरकारच्या गळी उतरवायचं, हा आमचा धंदा. याला 'आरोग्यातील विषमतेचा अभ्यास' असं भारदस्त नाव आहे. पहिलं काम अवघड असतं आणि दुसरं महाअवघड.

मी मूळची बार्शीची. पाणी म्हणजे विहिरीतलं नाहीतर टँकरमधलं, एवढीच माझी समज. ह्यांना तारापूरच्या वीज केंद्रात नोकरी लागली म्हणून सत्तरचं दशक सरताना बोईसरला येऊन पडले. मुंबईच्या एका सरकारी संशोधन संस्थेनं पालघरला एक छोटं केंद्र उघडलं होतं, तिथं मला काम मिळालं. दोन खोल्या, एक जीप, तीन अन्वेषक आणि भिंतीवर तालुक्याचा नकाशा. अन्वेषक म्हणजे घरोघर फिरून माहिती विचारणारा माणूस. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

बोईसरला कारखान्यांच्या मागे कामगारांच्या खोल्या होत्या. एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी माणसं. तिथं आम्ही गेलो की आम्ही कंपनीची माणसं आहोत असं समजून सगळे एकदम ठणठणीत होत. दारातला एकजण सगळ्या खोलीच्या वतीनं सांगायचा, "लिखिए मॅडम, सब ठीक है." मी विचारायची, "और अंदर जो खाँस रहा है?" "वो भी ठीक है." "इतना खाँस रहा है!" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "खाँसता है मॅडम, बीमार नहीं है. बीमार तो काम पे नहीं जाता." मी कपाळावर हात मारला, पण जीपमध्ये बसल्यावर वाटलं, अरे, ह्यानं आपला सगळा अभ्यासक्रम दोन वाक्यांत शिकवला.

पण मला सांगायची आहे ती सातपाटीची गोष्ट. माझ्या सगळ्या नोकरीतली एवढीच एक गोष्ट अशी आहे, की आठवली की मी अजून एकटी असले तरी हसते.

सातपाटीला आमच्या केंद्राचा एक क्षयाचा दवाखाना भरायचा. गावातलं समाजमंदिर उसनं घेतलेलं. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या बुधवारी आमचे सुईवाले डॉक्टर, म्हणजे खरे डॉक्टर, जीपमधून जायचे, बेडका तपासायला घ्यायचे आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या द्यायचे. माझं काम कोण येतं, कोण येत नाही आणि का येत नाही हे बघायचं. पहिल्याच दिवशी मी किनाऱ्यावर गेले. दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले, वारा अंगावर, वास नाकात, आणि मी पदर नाकाला न लावण्याचा आटोकाट प्रयत्न करतेय. मासळी निवडत बसलेल्या बायकांतली एक माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गो, तूच का ती डाक्तरीन?"

"हो."

"सुई देतेस?"

"नाही."

"गोली?"

"नाही."

"मंग डाक्तरीन कसली गो तू? होरी नाय, जालं नाय, नि म्हने मी कोली!"

होडी-जाळ्याशिवायचा कोळी म्हणजे मी! सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार! ही जमनाबाय. काळीसावळी, उंच, कासोटा घट्ट, कपाळावर आडवं गंध लावावं तशा आठ्या आणि तोंडाचा पट्टा चालू. पालघरच्या बाजारात तिची मासळीची टोपली. तिच्याशी घासाघीस करायला मोठमोठे घाबरत. एका वकिलाच्या बायकोला तिनं भर बाजारात विचारलं होतं, "पापलेट नेतेस का पापलेटाला स्थल बगतेस?" अशा बाईला मी पहिल्याच दिवशी आवडले, का कोण जाणे. मला तिच्याशेजारी उकिडवं बसता आलं नाही, बदकन वाळूतच बसले, म्हणूनही असेल.

तिथं बसल्या बसल्याच माझ्या लक्षात आलं की ती बोलता बोलता मध्येच तोंड फिरवते, पदरात तोंड घालते आणि खांदे हलतात. खोकला. दोन-तीनदा झाल्यावर मी विचारलं. ती एकदम वसकली, "मिरची लागली." मिरची कुठेच नव्हती.

तिला दवाखान्यात आणायला मला दीड महिना लागला. बेडका तपासला. निघायचं तेच निघालं. मी तिला सांगितलं तेव्हा तिनं आधी माझ्या तोंडावर हात ठेवला. "हलू बोल गो! माज्या टोपलीतला मासा मंग कोन घेईल? कुत्रं तरी घेईल का?" नवरा गेलेला, मुलगा होडीवर खलाशी, घर तिच्या टोपलीवर चाललेलं. तिची भीती खोटी नव्हती. त्या काळी क्षय म्हटलं की लोक पेला वेगळा ठेवत. मग आमचं असं ठरलं, की ती दवाखान्यात यायची ती "शेजारणीला सोबत" म्हणून, आणि गोळ्या घ्यायची मागच्या दारानं.

त्या वेळचं औषध म्हणजे वर्ष-दीड वर्ष न चुकता गोळ्या. मध्ये सोडलं तर वाईट. अर्धवट औषध म्हणजे जंतूंना तालमीत घातल्यासारखं, ते आणखी माजतात आणि मग गोळीला दाद देत नाहीत. म्हणून नियम कडक. लागोपाठ चुकलं की त्या रोग्याला 'डिफॉल्टर' ठरवून त्याचं नाव कापायचं, आणि पुन्हा यायचं तर पहिल्यापासून सुरुवात. जमनाबायचं नाव एकदा कापलं गेलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, हिचं आता तिसऱ्यांदा सुटलं तर माझ्या गोळ्यांचा उपयोग राहणार नाही. मग देवच."

आणि ती एकटी नव्हती. सगळ्या सातपाटीचंच तसं. एखाद्या बुधवारी दवाखान्यात जत्रा, पाय ठेवायला जागा नाही. दुसऱ्या एखाद्या बुधवारी डॉक्टर, शिपाई आणि दारात एक मांजर. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असत तेव्हा एकूण एक माणूस हजर. नारळी पुनव झाली, होड्या लोटल्या की पुन्हा गडबड. हजेरीचा आलेख काढून मुंबईला पाठवला तर आमच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "हा आलेख आहे की कोणी पिऊन चालत गेलंय?"

पिऊन म्हणाले आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

आमचे मुख्य अन्वेषक खैरनार. मालेगावचे. मराठी घेऊन एम.ए., त्यातही व्याकरणात विशेष गती. माणूस सोन्यासारखा, पण ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली की जेवण जायचं नाही. त्यांना मी सातपाटीला धाडलं, म्हटलं, लोक नियमित का येत नाहीत ते विचारून या. ते आठवडाभर फिरले आणि परत आले ते गंभीर चेहऱ्यानं. "मॅडम, मूळ सापडलं. पण प्रकरण नाजूक आहे."

"काय झालं?"

"गावात भांगेचं व्यसन आहे."

मी उडालेच. "भांग? दारू म्हणा."

"नाही मॅडम, भांगच. घरोघरी एकच उत्तर आहे. 'आता कोण भेटणार? भांगाला या, तेव्हा सगळे घरी असतात.' महिन्यातून दोनदा, तीन-चार दिवस. त्या दिवसांत कोणी कामाला जात नाही. बाया, पोरं, म्हातारे, सगळे एकत्र. ते 'भांगाला' म्हणतात, ते मी अर्थातच 'भांगेला' असं दुरुस्त करून घेतलंय."

आता मी बार्शीची आणि ते मालेगावचे. आमच्यापासून समुद्र शेकडो कोस. होळीला आमच्याकडेही कोणी कोणी भांग घ्यायचं, हे मला ठाऊक होतं. महिन्यातून दोनदा म्हणजे जरा जास्तच, पण असेल बाई, गावोगावच्या तऱ्हा! अहवालात 'व्यसनाधीनता' असं नवं प्रकरण घातलं, खाली मी सही केली आणि तो मुंबईला गेला.

मुंबईचं उत्तर एवढ्या लवकर कधी आलं नव्हतं. साहेब खूश. कारण सापडलं की वरच्यांना फार बरं वाटतं, त्यातून कारण लोकांच्याच अंगावर गेलं तर काय विचारता! पत्रात दोन गोष्टी होत्या. एक, ज्या गावाला दवाखान्याची किंमत नाही तिथला दवाखाना एप्रिलपासून बंद करून बोईसरला हलवावा, तिथं कामगारांची संख्या मोठी आहे. आणि दोन, माणुसकी म्हणून जाण्यापूर्वी गावाला व्यसनमुक्तीचं एक व्याख्यान द्यावं, वक्ता आम्ही पाठवत आहोत.

पत्र वाचलं आणि मला पहिली आठवली जमनाबाय. सातपाटीहून बोईसरला गोळ्यांसाठी यायचं म्हणजे बाजाराचा अख्खा दिवस बुडाला. ती येणार नाही. ती टोपली सोडणार नाही, गोळ्या सोडेल. तशीच उठले. साहेबांना फोन लावला. तिकडून, "ताई, भावनेनं धोरणं ठरत नाहीत," असं ऐकून फोन ठेवला आणि त्या काळ्या फोनलाच दोन शिव्या घातल्या.

व्याख्यानाचा दिवस आला. वक्ते एक सज्जन गृहस्थ, पांढराशुभ्र झब्बा, बरोबर चित्रं दाखवायचं यंत्र. मला वाटलं होतं कोणी फिरकणार नाही, तर समाजमंदिर ठेचून भरलेलं! खलाशी, तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, बायका, कडेवरची पोरं. खैरनार माझ्या कानात म्हणाले, "बघा मॅडम, भांगेचे दिवस दिसताहेत. सगळे घरी." मीही बायाबापड्यांच्या डोळ्यांत काही लाली दिसते का ते बघून घेतलं. आमच्या शहाणपणाची कमाल होती.

वक्त्यांनी गोड आवाजात सुरुवात केली. "बंधूंनो, भगिनींनो, लाजू नका. मोकळेपणानं सांगा. तुमच्यापैकी किती घरांत भांग असते?"

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. हा काय प्रश्न? मग एक म्हातारा तांडेल म्हणाला, "सगल्यांच्याच असतो."

"सगळ्यांच्या! आणि महिन्यातून किती वेळा?"

"दोनदा!" सगळं समाजमंदिर एका आवाजात.

"अरेरे! आणि त्या दिवसांत तुम्ही कामाला जात नाही?"

"भांगाला कोन जाईल? जाऊन काय करील?"

"आणि ही लहान मुलं? यांनासुद्धा?"

"त्यांना काय येगला भांग असतो काय?" एक बाई म्हणाली. "सगल्या गावाला एकच."

वक्त्यांनी रुमालानं घाम पुसला. असं निगरगट्ट गाव त्यांनी पाहिलं नसावं. आवाज खाली आणून, अगदी पोलिसी मायेनं त्यांनी विचारलं, "मला एवढंच सांगा. ही भांग तुम्हाला आणून कोण देतं? नाव सांगा, घाबरू नका."

तेवढ्यात जमनाबायच्या डोक्यात प्रकाश पडला होता. तिच्या तोंडावरनंच मला ते कळलं. ती उठली, पदर सावरला आणि बोट वर, छपराकडे करून म्हणाली, "नाव सांगू? चांदोबा! त्याला धरून न्या!"

आणि मग जो काय हशा उसळला! माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. त्या म्हाताऱ्या तांडेलाच्या डोळ्यांतून पाणी. वक्ते गोंधळून माझ्याकडे बघतायत, मी खैरनारांकडे, खैरनार छपराकडे. शेवटी त्या तांडेलानंच वक्त्यांना जवळ बसवलं आणि समजावलं. पुनव-अवसेला उधाण, पाण्याला ओढ जोराची, जाळ्यात मासळी भरते, होड्या समुद्रात. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं. ओढ नाही, जाळं फुगत नाही, मासळी नाही. म्हणून होड्या किनाऱ्याला, पुरुष जाळी शिवत घरी आणि बायकांना बाजारात न्यायला माल नाही. त्या मंद पाण्याच्या दिवसांना म्हणायचं भांग. पुल्लिंगी.

"भांग पुल्लिंगी कसा असेल?" खैरनार अजून पुटपुटत होते.

"केसांचा असतो की नाही?" मी खेकसले. "तेव्हा नाही सुधारावासा वाटला?"

बिचाऱ्यांनी वही मिटली. मी जमनाबायकडे वळले. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगितला की! तुज्या मास्तरला सतरांदा सांगितला, भांगाला या, भांगाला या. तो म्हनला बरं बरं, नि लिवून घेतला." असं म्हणून ती पुन्हा हसायला लागली. हसता हसता तिला ढास लागली. हसणं कधी संपलं आणि खोकला कधी सुरू झाला ते कोणालाच कळलं नाही, मला कळलं. ती पदरात तोंड घालून भिंतीकडे वळली. पदर काढला तेव्हा त्यावर लाल ठिपका होता. तिनं तो पटकन दुमडून कमरेला खोचला आणि पुन्हा हसणाऱ्यांत सामील झाली. माझं हसू मात्र तिथंच थांबलं.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरातलं दिनदर्शिकेचं पान काढून बसले. मागच्या वर्षाचीही दिनदर्शिका होती, तिच्यावर मी दुधाचे खाडे लिहायची म्हणून जपलेली. दवाखान्याचे बुधवार आणि तिथ्या लावून बघितल्या. ज्या बुधवारी अष्टमी-नवमी-दशमी, त्या बुधवारी जत्रा. जो बुधवार पुनव-अवसेला टेकलेला, तेव्हा मांजर. एवढं सरळ! गाव चंद्रावर चालत होतं आणि आम्ही वारावर. आणि नाव कोणाचं कापलं? गावाचं. मला असा संताप आला, की मी ह्यांना झोपेतून हलवून उठवलं. हे डोळे चोळत म्हणाले, "मग दवाखाना अष्टमीला ठेवा. त्यात काय?"

त्यात काय ते मुंबईच्या बैठकीत कळलं.

साहेबांनी माझं टिपण वाचलं आणि चष्मा काढला. "ताई, सरकारी दवाखाना तिथीवर? उद्या म्हणाल राहुकाळात इंजेक्शन देऊ नका."

"साहेब, रोगी तिथीला घरी असतात. डॉक्टर वाराला जातो. दोघांची भेट व्हावी की नको?"

"शासन निधर्मी आहे. अष्टमी हा शब्द आदेशात जाऊ शकत नाही. विधिमंडळात प्रश्न आला तर मी काय सांगू, क्षयाचा मुहूर्त काढला?"

बाकीचे साहेब दाद देऊन हसले. हा शेवट आहे हे मला दिसत होतं, कारण साहेबांनी विनोद केला की फाइल बंद होते असा आमचा अनुभव होता. पण आदल्या दिवशी ह्यांनी वीज केंद्रातून एक वस्तू आणून दिली होती. वीज केंद्राला समुद्राचं पाणी लागतं, म्हणून त्यांच्याकडे भरती-ओहोटीचा छापील तक्ता असायचा. मी तो पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. "बरं, अष्टमी राहू द्या. ज्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी, त्या दिवशी दवाखाना, असं लिहिलं तर?"

साहेबांनी तक्ता उलटसुलट करून बघितला. "हे कोणाचं?"

"सरकारचंच."

"मीटरमध्ये आहे," साहेब आदरानं म्हणाले. "मग आधी हे नाही का दाखवायचं? हे शास्त्रीय आहे."

तीच अष्टमी, तोच चंद्र, तेच पाणी. तिथी म्हटलं की धर्म आणि मीटर म्हटलं की विज्ञान! मी ओठ घट्ट मिटून बसले, नाहीतर हातची संधी गेली असती. आदेश निघाला, 'सागरी प्रवाहाच्या किमान तीव्रतेच्या दिनांकी'. त्यातही एक काटा होताच. वर्षभर करून बघा, औषध पुरं करणारे रोगी दिसले नाहीत तर दवाखाना बोईसरला.

सातपाटीकरांनी ते लांबलचक नाव एका दिवसात मोडीत काढलं. भांगाचा दवाखाना, बस्स. सुरुवातीला आमचीच माणसं कुरकुरली, कारण बुधवार गेला आणि रविवार आला, कधी सणवार आला. एकदा तर नेमकी गोकुळाष्टमी. शिपाई म्हणाला सुट्टी आहे, डॉक्टर म्हणाले सुट्टी आहे. मी म्हटलं, समुद्राला विचारून या, त्यानं सुट्टी घेतली असेल तर आपणही घेऊ. गेलो. गाव हजर, पण अर्धं उपाशी. "उपासाला गोली चालते काय?" एकीनं विचारलं. आमचे डॉक्टर आधीच वैतागलेले, म्हणाले, "साबुदाण्याची आहे असं समजून गिळा!" आणि खरंच, त्या दिवशी एकही गोळी परत आली नाही.

जमनाबायचं औषध तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू झालं. ती अजून मागच्या दारानंच यायची, शेजारणीच्या आडून, पण प्रत्येक भांगाला यायची. पावसाळ्यात तिला कावीळ झाली तेव्हा डॉक्टरांचा चेहरा पडला, गोळ्या थांबवाव्या लागल्या. त्या दिवसांत मी देवाला बोलले, जे मी फारसं करत नाही. मग ती सावरली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. वर्ष सरलं तेव्हा साहेबांनी आकडे मागवले आणि आकडे बघून एकही विनोद केला नाही. त्यांनी विनोद केला नाही म्हणजेच दवाखाना राहिला.

या यशानं मला जरा शिंगं फुटली, हेही सांगायला हवं. वाटलं, आता सगळीकडे हेच करू. मासवणकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर गेलो. तिथली माणसं पावसाच्या पाण्यावर भात-नाचणी काढतात आणि दिवाळी झाली की पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातात. आम्ही गोळ्या घेऊन जायचो तर दारं काट्यांनी बंद केलेली, अंगणात एखादी म्हातारी. "कुठं गेले?" "मुकादम नेल तिकडं." कोणी म्हणे भिवंडी, कोणी म्हणे वसई. आम्ही कार्डं दिली, की जिथं जाल तिथं दाखवा, पण तिथला दवाखाना म्हणे तुमचं गाव इथलं नाही. समुद्र निदान आपला शब्द पाळतो, त्याचा तक्ता छापता येतो. मुकादमाचा ट्रक कधी येईल याचा तक्ता कोणतंच सरकार छापत नाही. ते कोडं माझ्या हातून सुटलं नाही. त्याची खंत आहे आणि ती राहणार.

सातपाटीकडे परत येते. जमनाबायचा शेवटचा बेडका स्वच्छ आला. डॉक्टरांनी सांगितलं, आता येऊ नका, बऱ्या झालात. ती टोपली उचलून मागच्या दारानं निघून गेली. मला जरा लागलंच. एवढं वर्षभर झटलो, एक शब्द नाही? पण म्हटलं, तिला विसरायचं असेल. विसरू दे.

पुढच्या भांगाला दवाखाना खच्चून भरला होता. बायकांची ही रांग. त्यात पालघरच्या बाजारात टोपल्या घेऊन बसणाऱ्याही बऱ्याच, कोणी पोराला क्षयाची लस द्यायला, कोणी नुसत्या गप्पांना. तेवढ्यात पुढच्या दारातून जमनाबाय आत आली. एका हातानं दुसऱ्या बाईचं मनगट घट्ट धरलेलं आणि ती बाई मागे मागे ओढत होती. तिची धाकटी जाव. तोंड पदरानं झाकलेलं, डोळे रडवेले. "सोड मला, लोक बगतात," ती कुजबुजत होती.

"बगू दे," जमनाबाय म्हणाली. कुजबुजून नाही, बाजारात भाव सांगावा तशी. सगळ्या रांगेकडे तोंड करून ती उभी राहिली. "आयका गो. मला टीबी होता. दोन वरसं. तुमी सगल्यांनी माज्या हातचा मासा खाल्ला नि कुनी मेली नाय. आता मी बरी जाली." मग माझ्याकडे वळून, जावेचं मनगट माझ्या टेबलावर आपटून म्हणाली, "डाक्तरीन, हिची अष्टमी चालू कर."

रांगेतल्या बायका वळून तिच्याकडे बघायला लागल्या. उद्या बाजारात हिच्या टोपलीपुढं काय होणार, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं, आणि तिला सगळ्यांत जास्त. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलंही नाही. मग रांगेच्या अगदी शेवटून, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका पोरसवद्या बाईनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

"माजी पन," ती म्हणाली.

माझ्या शेजारी नोंदी लिहीत बसलेल्या खैरनारांनी मान वर न करता दोन कोरी कार्डं काढली आणि दोघींना बसायला सांगितलं.